चिखलात उतरणारं विमान

अलास्कातल्या बहुतेक गावांपर्यंत रस्ताच पोचत नाही. मग पायपर सुपर कबसारखं छोटं विमान थेट नदीकाठच्या गाळावर किंवा मऊ टुंड्रावर उतरवतात. 1949 मध्ये आलेलं हे दोन आसनी विमान माझं सर्वांत आवडतं!

त्याची चाकं बघा. 31 इंची गुबगुबीत टायर, त्यात हवा बऱ्याचदा दहा पीएसआयपेक्षाही कमी. आपल्या कारमध्ये तीसच्या आसपास असते. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक सहसा रुतत नाही.

खरी कमाल आहे ती आधीच्या चाचपणीत. पायलट लगेच उतरत नाही. उडता येईल इतका वेग राखून चाकं जमिनीला नुसती टेकवत नेतो आणि पुन्हा वर उठतो. मग एक घिरटी घालून स्वतःच्याच चाकोऱ्या निरखतो. उथळ, कोरड्या दिसल्या तर ठीक. काळ्या पडल्या, त्यांत पाणी झिरपलं, तर तिथं उतरायचं नाही.

उतरताना स्टिक पोटाशी ओढलेली, इंजिनाला थोडी ताकद दिलेली. ब्रेक टाळायचा, चाक अडलं तर शेपूट उचलून विमान नाकावर जातं. थांबायचं तेही कडक जागा बघूनच, नाहीतर पुन्हा हलणं अवघड.

अँकरेजजवळच्या कुक इनलेटमधला हिमनद्यांचा गाळ तर फारच फसवा. वरून घट्ट दिसतो, पण पाय रुतला की सोडत नाही. त्यात भरती-ओहोटीतला फरक सुमारे 9 मीटरपर्यंत!

सुपर कबचा व्हिडिओ पाहाल तेव्हा ती पहिली घिरटी अजिबात चुकवू नका.