मेंढी गाभण असेल तर?

पांढुर्णा-सौंसरच्या आठवडी बाजारात विकणारा ‘गाभण आहे’ म्हणतोच. नव्या मालकाने नुसत्या पोटावर जाऊ नये. मेंढी साधारण १७ दिवसांनी माजावर येते. नराजवळ राहूनही माज दिसत नसेल, तर गाभण समजूनच वागावे.

गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. पोटात जुळे असले की चाऱ्याला जागा उरत नाही. नुसत्या कडब्यावरची मेंढी सुस्तावते, खाणे टाकते, शेवटी आडवी पडते. कपाशीच्या या पट्ट्यात सरकीची ढेप मिळते. ती हळूहळू वाढवावी, एकदम नव्हे.

सुरुवातीच्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंतनाशक टाळावे. आंत्रविषाराची लस विण्याच्या महिनाभर आधी, पशुवैद्यकाला विचारून द्यावी. कोकरू जन्मले की तासाभरात चीक पाजावा.