फॅटी लिव्हरची ‘ग्रेड’ आली, पुढे काय?

पोट दुखतं म्हणून किंवा पित्ताशयातले खडे बघायला सोनोग्राफी करावी, आणि रिपोर्टवर भलतंच लिहून यावं, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’! मग घरात कुजबुज सुरू होते. ‘लिव्हर तर दारूनं खराब होतं, हिला कसं झालं?’ बाई ओशाळते आणि रिपोर्ट कपाटात ठेवून देते.

मैत्रिणींनो, यात ओशाळण्यासारखं काही नाही. दारूला कधीच हात न लावलेल्या बायकांनाही हा आजार होतो. वाढलेलं पोट, मधुमेह, पीसीओडी ही त्याची नेहमीची सोबत. नवेगाव बांधच्या धानाच्या मुलखात दोन्ही वेळा ताटात भात असतोच. रोवणी-कापणीचे दिवस सोडले, तर घरात बसून असलेल्या बाईला तेवढा भात जिरवायला मेहनत कुठे होते? जास्तीचा भात आणि साखर मग चरबी होऊन यकृतात साठते. दुखत-खुपत नाही, म्हणून कळतही नाही.

ग्रेड म्हणजे नेमकं काय?

सोनोग्राफीत निरोगी यकृत शेजारच्या मूत्रपिंडाइतकंच उजळ दिसतं. चरबी साठली की ते पांढरट दिसू लागतं. थोडं पांढरट म्हणजे ग्रेड १. आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या की ग्रेड २. यकृताचा खोलवरचा भागही नीट दिसेनासा झाला की ग्रेड ३. हा सगळा डोळ्यांचा अंदाज असतो. एका डॉक्टरांना १ वाटेल, ते दुसऱ्यांना २ वाटू शकेल. चरबी अगदी कमी असेल तर सोनोग्राफीत ती सुटूनही जाते.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ग्रेड फक्त चरबी सांगते. यकृत आतून कडक व्हायला लागलं आहे का, हे ती सांगत नाही. खरा धोका तर त्या कडकपणात आहे, कारण तोच वाढत जाऊन सिरोसिस होतो. ग्रेड १ असलेल्या बाईचं यकृतही कडक झालेलं असू शकतं.

कडकपणा कसा कळतो?

आधी साधी रक्ततपासणी. एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि तुमचं वय यांवरून डॉक्टर ‘फिब-४’ नावाचा आकडा काढतात. तो १.३ पेक्षा कमी असेल तर बहुतेकींना लगेच पुढच्या तपासणीची गरज नसते. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून ही तपासणी अधूनमधून करत राहा.

आकडा जास्त आला तर फायब्रोस्कॅन. नागपूरसारख्या शहरात ही सोय आहे. उजव्या बरगड्यांच्या मधे यंत्र टेकवून हलकेच टिचकी मारल्यासारखा धक्का देतात. कडक यकृतातून त्याची लहर वेगानं जाते, त्यावरून मोजमाप होतं. सुई नाही, भूल नाही, काही मिनिटांचं काम. आधी तीन तास उपाशी राहावं लागतं. गरोदर असाल तर तसं आधीच सांगा. एमआरआयनं चरबीचं प्रमाण सर्वांत अचूक कळतं, पण ती महाग असते आणि सगळ्यांना लागत नाही.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं हा आजार मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तिशीनंतर आशाताई कंबर मोजायला आल्या तर लाजू नका. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर गेली असेल तर सावध व्हायला हवं.

औषधापेक्षा वजन उतरवणं मोलाचं. सत्तर किलोच्या बाईनं पाच-सात किलो हळूहळू कमी केले तर यकृतातली चरबी आणि सूज दोन्ही उतरतात. भात बंद करू नका, पण निम्मा करा. त्याच्या जोडीला डाळ, भाजी, तलावातली मासोळी वाढवा. रोज अर्धा तास भरभर चाला. जाहिरातीतल्या लिव्हर टॉनिकवर पैसे घालवू नका.

आणि हो, कपाटातला तो रिपोर्ट बाहेर काढा. डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘चरबी किती ते कळलं, माझं यकृत कडक तर झालं नाही ना?’