अन्नातील प्रथिने, प्रतिकारशक्ती आणि हृदय

दूध, शेंगदाणा, अंडे यांतील प्रथिनांना काही जणांचे शरीर परके मानते व त्यांच्याविरुद्ध ‘आयजीई’ ही प्रतिद्रव्ये तयार करते. अशा अनेकांना ते पदार्थ खाऊनही अंगावर पित्त उठणे, धाप लागणे असा कोणताच त्रास होत नाही.

अमेरिकेतील ४,४१४ आणि ९६० प्रौढांच्या दोन गटांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. दुधाविरुद्ध प्रतिद्रव्ये असणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू अधिक आढळले. या प्रतिद्रव्यांमुळे रक्तवाहिन्यांतील ‘मास्ट’ पेशी चेतवल्या जाऊन तेथे दाह होत असावा, असा तर्क आहे. तथापि हा केवळ आढळलेला संबंध आहे. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही.

म्हणून निव्वळ रक्ततपासणीच्या अहवालावरून घरातील मुलांचे वा वृद्धांचे दूध बंद करू नये. त्यातून पोषणाची हानी संभवते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर प्रत्यक्ष त्रास होत असल्यास डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

भारतीयांना हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो. तो टाळण्यासाठी तंबाखू वर्ज्य करणे, रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे आणि नियमित चालणे हेच आजही खात्रीचे उपाय आहेत.