कारखाना विकला, जुना कर कुणाचा?

कुडाळच्या एमआयडीसीतला चालू काजू कारखाना विकत घेताना बहुतेकांचा समज असा असतो, की खरेदीआधीची देणी जुन्या मालकाची. करारात तसं कलमही घातलेलं असतं. जीएसटीपुरता हा समज चुकीचा आहे.

केंद्रीय जीएसटी कायदा, 2017 च्या कलम 85 नुसार, धंदा हस्तांतरित होईपर्यंतचा कर, व्याज आणि दंड यांची जबाबदारी विकणारा आणि घेणारा यांच्यावर संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे येते (म्हणजे पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही वसूल होऊ शकते). ही रक्कम विक्रीनंतर ठरली, तरीही. बोजा असलेली काजूची बाग घेतली, की झाडांबरोबर बोजाही येतो, तसंच हे. फक्त तो बोजा सातबाऱ्यावर वाचता येतो. करथकबाकी मुद्दाम शोधावी लागते.

मग करारातलं कलम फुकट का? नाही. भरलेले पैसे विकणाऱ्याकडून परत मागायला तेच उपयोगी पडतं. सरकारवर मात्र ते बंधनकारक नाही. म्हणून किमतीतला काही भाग ठरावीक मुदतीपर्यंत राखून ठेवणं मला सर्वांत सुरक्षित वाटतं.

एकमालकी धंद्याचा जीएसटी क्रमांक मालकाच्या पॅनशी जोडलेला असतो, त्यामुळे घेणाऱ्याला स्वतःची नोंदणी लागते. शिल्लक इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-02 फॉर्म भरून, सीएच्या प्रमाणपत्रासह वळवता येतं. भूखंड भाडेपट्ट्याचा असल्याने एमआयडीसीची परवानगी आधीच घ्यावी.