अर्धे ताट, पूर्ण तृप्ती

मनुष्य प्रवासास निघतो तो केवळ देवळे, किल्ले आणि उद्याने पाहण्यासाठी नव्हे. परगावची चव घेणे हाही प्रवासाचाच एक भाग असतो. पुष्कळदा तर घरी परतल्यावर एखाद्या राजवाड्याची कमान विस्मरणात जाते, परंतु त्या राजवाड्यासमोरच्या गल्लीत सकाळी घेतलेल्या कॉफीचा सुगंध वर्षानुवर्षे आठवत राहतो. म्हणूनच, ज्यांना वैद्यांनी आहार कमी करण्यास सांगितले आहे अशा लोकांच्या मनात प्रवासाविषयी एक प्रकारची भीती असते. घरी स्वयंपाक आपल्या हाती असतो. उपाहारगृहात तो दुसऱ्याच्या हाती असतो.

उदाहरणादाखल आपण सोलापूरचे एक जोडपे डोळ्यांपुढे आणू. पती निवृत्त शिक्षक आहेत, वय अठ्ठावन्न. वर्षापूर्वी त्यांना मधुमेह असल्याचे निदान झाले आहे. मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला असतो. त्याच्याकडे आठ दिवस राहण्यासाठी हे दोघे उद्यान एक्सप्रेसने निघाले आहेत. गाडीत बसल्यापासून दोघांच्या मनात दोन निराळे विचार आहेत. पत्नीस वाटते की, डोसा, केसरीभात, फिल्टर कॉफी यांपैकी कशालाही या खेपेस हात लावू देऊ नये. पतीस वाटते की, आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे. परत आल्यावर पथ्य आहेच. हे दोन्ही मार्ग सदोष आहेत. पहिल्या मार्गाने प्रवासाचा आनंद जातो आणि मनात साठलेली इच्छा पुढे कधीतरी उसळून येते. दुसऱ्या मार्गाने केवळ आठ दिवसांचे नव्हे, तर अनेक महिन्यांच्या शिस्तीचे नुकसान होते. या प्रकरणात आपणांस तिसऱ्या मार्गाचा विचार करावयाचा आहे : सर्व काही चाखावे, परंतु थोडे.

हा प्रश्न एका कुटुंबापुरता नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे, आणि तेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे उपाहारगृहाच्या प्रत्येक गर्दीत हा प्रश्न मनात बाळगून बसलेली माणसे असणारच.

जीभ, पोट आणि काळ

थोडे खाऊन आनंद कसा मिळेल, अशी शंका प्रथम मनात येते. तिचे उत्तर आपल्या शरीराच्या रचनेतच आहे. एखादा पदार्थ खाताना मिळणारे सुख सर्व घासांत सारखे वाटलेले नसते. पहिले काही घास अत्यंत रुचकर लागतात. पुढे हळूहळू रुची ओसरते. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ब्रिटनमधील संशोधकांना असे आढळले की, एखादा पदार्थ पोटभर खाल्ल्यानंतर त्याच पदार्थाची गोडी कमी होते, मात्र न खाल्लेल्या इतर पदार्थांची गोडी फारशी कमी होत नाही. जेवण झाल्यावरही मिठाईसाठी पोटात जागा सापडते, याचे कारण हेच.

या नियमाला दोन बाजू आहेत. याच संशोधकांनी काही जणांना एकाच प्रकारचे सँडविच दिले, तर काही वेळा चार निरनिराळ्या प्रकारचे दिले. चार प्रकार असताना लोकांनी सुमारे एक-तृतीयांश अधिक खाल्ले. अमर्यादित थाळीत दहा वाट्या पुढे आल्या की आपला हात का आवरत नाही, हे यावरून समजते. परंतु प्रत्येक पदार्थ लहान मापात घेतला आणि एकूण माप आधीच ठरविले, तर हाच नियम आपल्या उपयोगी पडतो. कारण प्रत्येक पदार्थाचे सर्वांत रुचकर असे पहिलेच घास आपल्या वाट्यास येतात.

दुसरी गोष्ट काळाची. अन्न जठरात गेल्यावर जठराच्या भिंती ताणल्या जातात आणि तो संदेश मज्जातंतूंद्वारे मेंदूकडे जातो. अन्न आतड्यात उतरू लागले की तेथून विशिष्ट संप्रेरके रक्तात मिसळतात आणि भूक शमल्याची जाणीव करून देतात. या सर्व क्रियांना सुमारे पंधरा ते वीस मिनिटे लागतात. गर्दीच्या उपाहारगृहात एक डोसा पाच-सात मिनिटांत संपतो. म्हणजे पोटाचा निरोप मेंदूपर्यंत पोचण्यापूर्वीच आपण दुसरी मागणी देऊन मोकळे होतो.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. २००२ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात एकाच व्यक्तींना वेगवेगळ्या दिवशी एकच पदार्थ निरनिराळ्या मापांत वाढण्यात आला. सर्वांत लहान माप पाचशे ग्रॅमचे, तर सर्वांत मोठे एक हजार ग्रॅमचे होते. मोठे माप पुढे आले तेव्हा लोकांनी सुमारे तीस टक्के अधिक खाल्ले. परंतु जेवणानंतर पोट किती भरले असे विचारले असता, त्यांच्या उत्तरांत लक्षणीय फरक आढळला नाही. पुष्कळांना तर मापे निरनिराळी होती हेही जाणवले नव्हते. यातून निघणारा बोध स्पष्ट आहे : ताटात किती आले आहे यावर आपण किती खाणार हे बऱ्याच अंशी ठरते. म्हणून निश्चय ताट पुढे आल्यानंतर करण्यापेक्षा मागणी देतानाच करणे अधिक सोपे.

आपल्या वैद्यकपरंपरेस हा विचार अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक भाग घन अन्नासाठी, एक द्रव पदार्थांसाठी आणि एक वात, पित्त व कफ यांच्यासाठी मोकळा ठेवावा, असे सांगितले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात चार भाग कल्पिले असून त्यांतील दोन अन्नाने, एक पेयाने भरावा आणि चौथा रिता ठेवावा, असा उपदेश आहे.

एका शहराचा धडा

अल्प मापात रुची शोधण्यासाठी बंगळूरइतके सोयीचे शहर क्वचितच आढळेल. त्याचे पहिले कारण कन्नड भाषेतच दडले आहे. तेथे भोजनाला ‘ऊट’ म्हणतात आणि न्याहारी वा फराळाच्या पदार्थांना ‘तिंडी’. तिंडी ही स्वभावतःच लहान असते. लालबाग रस्त्यावरील मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजेच एम.टी.आर., हिचा आरंभ १९२४ सालचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ येणे बंद झाले, तेव्हा तांदळाऐवजी रवा वापरून आपल्याच स्वयंपाकघरात रवा इडली जन्मास आली, असे ही संस्था सांगते. बसवनगुडीतील गांधी बाजारात १९४३ साली निघालेल्या विद्यार्थी भवनात जाड, खरपूस मसाला डोशासाठी आजही लोक रांगा लावतात. शंकरपुरम् येथील ब्राह्मिन्स कॉफी बार १९६५ सालचा. तेथे इडली, वडा, खाराभात, केसरीभात आणि चहा-कॉफी एवढ्या मोजक्याच पदार्थांवर गिऱ्हाईक संतुष्ट असते. १९८३ साली जयनगरात ‘कॅफे दर्शिनी’ सुरू झाले. कूपन घ्यावे, खिडकीपाशी बशी घ्यावी आणि उभ्यानेच खावे, ही तेथील पद्धत पुढे शहरभर पसरली आणि ‘दर्शिनी’ हे अशा उपाहारगृहांचे सामान्यनामच होऊन बसले.

या पद्धतीचा एक लाभ सहसा लक्षात येत नाही. दर्शिनीत प्रत्येक पदार्थासाठी निराळे कूपन घ्यावे लागते. आणखी काही हवे असेल तर पुन्हा खिडकीपाशी जावे लागते. मधल्या त्या दोन-तीन मिनिटांत ‘खरोखर हवे आहे काय?’ हा प्रश्न मनाला विचारता येतो. टेबलापाशी वेटर उभा असताना ही सवड मिळत नाही.

दुसरी सोय ‘बाय-टू’ची. एक कॉफी दोघांत वाटून मागविण्याची ही रीत बंगळूरच्या अंगवळणी पडली आहे. ‘बाय-टू कॉफी’ म्हटले की एकच कॉफी दोन पेल्यांत विभागून येते, आणि तशी मागणी करणाऱ्याकडे कोणी कंजूष म्हणून पाहत नाही. काही ठिकाणी सूपही असेच दोन वाट्यांत देतात. गर्दीच्या वेळी काही उपाहारगृहे ही मागणी स्वीकारत नाहीत. अशा वेळी एक रिकामी वाटी किंवा पेला मागून घेतला की काम भागते.

तिसरी सोय ‘चौ-चौ भात’ या नावाची. नावात भात असला तरी यात तांदूळ नसतो. एकाच बशीत एक मूद तिखट खाराभाताची, म्हणजे भाज्या घातलेल्या उपम्याची, आणि एक मूद केसरीभाताची, म्हणजे गोड शिऱ्याची. दोन पूर्ण बशांची हौस एकाच बशीत भागविण्याची ही कल्पना ज्याने प्रथम काढली, त्यास मानवी जिभेचे ज्ञान उत्तम असले पाहिजे. मात्र ही बशी दोघांनी वाटून घेतली, तरच आपल्या सोलापूरच्या गृहस्थांना ती मानवेल; कारण रवा, तूप आणि साखर यांचा भार तिच्यात बराच असतो.

माप ठरविण्याची रीत

आता आपण त्या जोडप्याचा एक दिवस पाहू. सकाळी दोघे गांधी बाजारात जातात. एकच मसाला डोसा मागवितात आणि मध्ये ठेवून दोघे खातात. सोबत एक इडली अधिक घेतात, कारण ती उकडलेली असल्याने तीत तूप-तेल नसते. डोसा संपताच पतीची नजर शेजारच्या बशीकडे वळते. पत्नी म्हणते, ‘‘अहो, दुसरा नको. आपली कॉफी यायची आहे ना अजून?’’ कॉफी बाय-टू, बिनसाखरेची येते. तेवढ्या वेळात पोटाचा निरोप पोचतो आणि दुसऱ्या डोशाची इच्छा आपोआप मावळते.

दुपारी मुलगा त्यांना केळीच्या पानावरचे जेवण देणाऱ्या ठिकाणी नेतो. कर्नाटकातील पानावर कोशिंबिरीसारखी ‘कोसंबरी’ आणि ‘पल्य’ ही भाजी आरंभीच वाढतात. मधुमेही व्यक्तीने आधी या दोहोंना न्याय द्यावा व भात नंतर घ्यावा. भाज्या व डाळी आधी पोटात गेल्यास जेवणानंतरची रक्तशर्करा तुलनेने सावकाश वाढते. भात एकदाच आणि थोडा घ्यावा. शेवटी ‘होळिगे’, म्हणजे आपली पुरणपोळी, आली तर चतकोर घ्यावी. तिला नकार देऊन दिवसभर तिचाच विचार करीत बसण्यापेक्षा हे बरे.

संध्याकाळी लालबागेत फेरफटका ठेवावा. १७६० साली हैदर अलीने आरंभिलेले हे उद्यान सुमारे २४० एकरांचे आहे. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालल्यास स्नायू रक्तातील साखर वापरू लागतात आणि तिची वाढ आटोक्यात राहते. रात्रीचे जेवण घरी, हलके आणि लवकर घ्यावे. दिवसाकाठी बाहेरचे मोठे भोजन एकच, हा नियम पाळला की उरलेल्या गोष्टी सोप्या होतात.

संकोच आणि आग्रह

खरी अडचण पुष्कळदा जिभेची नसून मनाची असते. ‘पैसे दिले आहेत, मग टाकायचे कसे?’ हा पहिला अडसर. अन्न टाकू नये हा संस्कार आपणांस लहानपणापासून मिळालेला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु नको असलेले अन्न पोटात ढकलल्याने ते वाचत नाही. त्यावरील उपाय म्हणजे आधीच कमी मागविणे, आणि उरलेच तर हात लावण्यापूर्वी बाजूला काढून पार्सल बांधून घेणे. इडली किंवा पोळी अशी नेता येते; नारळाची चटणी मात्र उष्म्यात लवकर बिघडते, म्हणून तिचा मोह धरू नये. अमर्यादित थाळीत ‘पैसे वसूल’ करण्याची बुद्धी होते. अशा वेळी मर्यादित थाळी, आपल्याकडील राइसप्लेटसारखी, निवडणे शहाणपणाचे.

दुसरा अडसर आग्रहाचा. मराठी पंगतीत पाहुण्याच्या नकाराला नकार मानण्याची पद्धत नाही. मुलाच्या घरी, व्याह्यांकडे वा मित्रांकडे हा प्रसंग येतोच. तेथे आजाराचे पुराण सांगत बसण्यापेक्षा, ‘छान झाले आहे, म्हणूनच सावकाश खातो आहे,’ एवढे म्हणून ताटात थोडे शिल्लक ठेवावे. ताट रिकामे झाले की वाढप्याचा हात थांबत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे.

एक सावधानता

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. जे इन्सुलिन किंवा रक्तशर्करा वेगाने उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी नेहमीचा आहार एकाएकी निम्म्यावर आणू नये किंवा जेवणाची वेळ टाळू नये. औषध तेवढेच आणि अन्न कमी, अशी स्थिती झाल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. हातापायांना कंप, दरदरून घाम, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही तिची लक्षणे होत. अशा वेळी ताबडतोब साखर वा ग्लुकोज घ्यावे. प्रवासास निघण्यापूर्वी आहार आणि औषध यांचा मेळ आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा, आणि लांबलेल्या रांगेसाठी खिशात थोडे खाणे ठेवावे.

आठ दिवसांनी ते जोडपे परतीच्या गाडीत बसेल, तेव्हा गृहस्थांनी रवा इडली चाखलेली असेल, डोसाही खाल्लेला असेल, होळिगेचा चतकोरही घेतलेला असेल. आणि तरीही घरी पोचल्यावर रक्त तपासून घेताना त्यांना भिण्याचे फारसे कारण असणार नाही. पत्नीलाही आठ दिवस पहारेकऱ्याचे काम करावे लागलेले नसेल. तिनेही प्रत्येक बशीतील अर्धा वाटा आनंदाने खाल्लेला असेल.