लुटलेल्या पुराणवस्तूंची मायदेशी परतपाठवणी

लुटलेल्या पुराणवस्तूंची परतपाठवणी म्हणजे युद्धातील लूट, चोरी किंवा तस्करी यांमुळे परदेशी गेलेल्या ऐतिहासिक वस्तू त्यांच्या मूळ देशाकडे सोपवण्याची प्रक्रिया होय. वस्तू केव्हा आणि कशी देशाबाहेर गेली, यावर तिच्यासाठी कायद्याचा मार्ग खुला आहे की नाही हे ठरते. नागपूरकर भोसल्यांची तलवार आणि साताऱ्यात आणलेली वाघनखे ही महाराष्ट्रातील अलीकडची उदाहरणे आहेत.

कायदेशीर चौकट

भारतात १९७२ चा पुराणवस्तू व कलानिधी कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. त्यानुसार किमान १०० वर्षे जुनी वस्तू, तसेच किमान ७५ वर्षे जुने महत्त्वाचे हस्तलिखित पुराणवस्तू ठरते. अशी वस्तू केवळ केंद्र शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेली संस्थाच देशाबाहेर पाठवू शकते. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९७० चा युनेस्को करार महत्त्वाचा आहे. भारताने तो १९७७ मध्ये, तर ब्रिटनने २००२ मध्ये स्वीकारला. हा करार पूर्वलक्षी नसल्यामुळे वसाहतकाळातील लुटीला तो लागू होत नाही.

चोरीच्या मूर्तींचे दावे

तमिळनाडूतील पाथूर येथील नटराजाची मूर्ती १९७६ मध्ये जमिनीत सापडली आणि चोरट्या मार्गाने लंडनला पोहोचली. ती एका कॅनडियन कंपनीने १९८२ मध्ये विकत घेतली होती. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९१ मध्ये निकाल देताना, भारतीय कायद्यानुसार विधिमान्य व्यक्ती असलेले मंदिर इंग्लंडमध्येही दावा करू शकते, हे मान्य केले. त्याच वर्षी मूर्ती भारतात परतली. श्रीपुरंतन येथील नटराजाच्या प्रकरणात पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडील जुने छायाचित्र निर्णायक ठरले. ही मूर्ती ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये परत केली.

नागपूरकर भोसल्यांची तलवार

नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांना छत्रपती शाहू महाराजांनी 'सेनासाहेब सुभा' हा किताब दिला होता. चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, गोंड राज्यही त्यांच्याच काळात भोसल्यांच्या अंमलाखाली आले. नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाल्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीने नागपूरचा खजिना लुटला. रघुजींचे नाव व किताब कोरलेली, युरोपीय पात्याची तलवार या लुटीतून किंवा नजराणा म्हणून परदेशी गेली असावी, असे अभ्यासक मानतात.

ही तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सदबीज या संस्थेच्या लिलावात आली. दोनशे वर्षांपूर्वीच्या लुटीवर न्यायालयात दावा सांगण्यास आधार नसल्यामुळे महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावून ती मिळवली. वाहतूक व विम्यासह सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला. ऑगस्ट २०२५ मध्ये तलवार मुंबईत दाखल झाली. म्हणजेच ती परत आली, पण कायद्याने मिळालेला हक्क म्हणून नव्हे, तर खरेदी म्हणून.

वाघनखे

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली, ती तीन वर्षांच्या उसनवारीवर. १९८३ च्या ब्रिटिश राष्ट्रीय वारसा कायद्याने या संग्रहालयाच्या विश्वस्तांना संग्रहातील वस्तू कायमच्या देऊन टाकण्यावर बंधने घातली आहेत. त्यामुळे मालकी न बदलता वस्तू पाठवण्याचा मार्ग निवडला गेला.

नोंदींचे महत्त्व

परतपाठवणीचा दावा वस्तूचे मूळ ठिकाण सिद्ध करण्यावर अवलंबून असतो. पाथूरच्या खटल्यात मूर्तीवरील माती आणि त्याच ठिकाणच्या इतर मूर्तींशी तिचे साम्य तपासले गेले. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. माजरीसारख्या कोळसा खाणींच्या परिसरात, तसेच भद्रावती आणि मार्कंडा यांसारख्या प्राचीन स्थळांच्या आसपास, या तरतुदीला विशेष महत्त्व आहे. वेळीच केलेली नोंद, मोजमाप आणि छायाचित्र हाच पुढे चोरीस गेलेल्या वस्तूच्या मालकीचा पुरावा ठरतो.