मायेचा धाक

हळदीच्या पेठेत दिवसभर पोती वाहून हमाल घरी येतो, तेव्हा पाठीवरचे ओझे उतरलेले असते. डोक्यातला राग मात्र उतरलेला नसतो. तो पोरावर निघतो. आम्ही हे दुसऱ्याचे सांगत नाही. आमचा मुलगा लहान असताना एकदा रेशनचे पैसे हरवून बसला आणि माराच्या भीतीने रात्री उशिरापर्यंत कृष्णेच्या घाटावर बसून राहिला. पैसे गेले, त्यापेक्षा पोर आपल्या बापाला भ्याले, हा तोटा मोठा होता.

न मारता मूल वाढवावे, हा विचार हल्लीच परदेशातून आला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी 1926 सालीच नूतन बालशिक्षण संघ स्थापला. शिक्षेचे भय नको, बक्षिसाची लालूचही नको, असे गिजुभाईंचे म्हणणे. पुढे बोर्डीस आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ यांनी मुलांना दोष दिला नाही; शाळाच त्यांच्या अंगणात नेली.

या रीतीचा लाभ उघड आहे. न भिणारे मूल चूक लपवीत नाही. परंतु दोन धोकेही आहेत. पहिला, माया म्हणजे शरणागती असा समज. रडले की मिळते, हे मुलाला एकदा कळले की घरात त्याचेच राज्य. दुसरा, या रीतीला वेळ लागतो. चार घरची धुणीभांडी करून आलेल्या आईला ‘शांतपणे समजाव’ असे सांगणे सोपे. तिला तेवढी उसंत कोण देणार? म्हणून कामाचे तास आणि पुरेशी मजुरी हेही बालसंगोपनाचेच प्रश्न आहेत, असे आम्ही मानतो.

कोणी म्हणेल, श्यामच्या आईनेही श्यामला मारलेच होते. खरे, पण त्या माउलीचे मोल त्या मारात नाही, बाकीच्या सगळ्या दिवसांत आहे.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली छडी बंद केली. घरातली आपणच ठेवायची आहे. आम्ही संघटनेत एक गोष्ट शिकलो. करारापूर्वी दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात. करार झाल्यावर तो दोघांनीही पाळावा. मुलाचे म्हणणे जरूर ऐका. मात्र झोपायची वेळ एकदा ठरली की तिच्यावर रोज रात्री वाटाघाटी नकोत. आणि शब्द मोडलाच तर, आधी तो आपण मोडला नाही ना, एवढे पाहा.